पाण्याखालील विजेरी
पाण्याखालील विजेरी किंवा डायव्हिंग टॉर्च हे स्कुबा डायव्हिंग करणाऱ्या पाणबुड्याने पाण्याखाली वापरावयाचे, जलरोधक व दाब सहन करणारे प्रकाशसाधन होय. रात्री, बुडालेल्या नौकांच्या पोटात, गुहांमध्ये आणि गढूळ पाण्यातील शोधकार्यात तिचा उपयोग होतो. तिची उपयुक्तता मुख्यतः प्रकाशझोताचा आकार आणि विद्युतघटाची (बॅटरीची) जात या दोन गोष्टींवर ठरते. ज्या पाण्यात ती वापरायची त्यानुसार दोन्हींची निवड बदलते. सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील समुद्रात उत्तम ठरणारी विजेरी सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयाच्या गढूळ पाण्यात निरुपयोगी ठरू शकते.

पाण्यातील प्रकाश

पाणी प्रकाश शोषून घेते, पण सर्व रंग सारखे शोषत नाही. तांबडा रंग सर्वांत आधी, पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होऊ लागतो. त्यामुळे दहा-पंधरा मीटर खोलीवर रक्तही हिरवट-काळे दिसते. विजेरीचा प्रकाश जवळून पडत असल्याने मूळ रंग पुन्हा दिसू लागतात. स्वच्छ समुद्रात निळा प्रकाश सर्वाधिक दूर जातो. शेवाळ व कुजलेल्या वनस्पतींचे अंश असलेल्या तलावांत मात्र निळा रंगही शोषला जातो आणि हिरवट-पिवळा तेवढा टिकतो.

गढूळ पाण्यातील मोठा अडथळा शोषणापेक्षा प्रकीर्णनाचा, म्हणजे प्रकाश विखुरला जाण्याचा असतो. तरंगणारे मातीचे कण व सूक्ष्म शैवाल यांवर आदळलेला प्रकाश काही अंशी पाणबुड्याच्या डोळ्यांकडे परत येतो आणि समोर पांढुरकी भिंत उभी राहते. दाट धुक्यात घाट उतरताना वाहनाचे दिवे प्रखर केल्यास रस्ता अधिकच दिसेनासा होतो, तसाच हा प्रकार आहे. अशा वेळी प्रकाश वाढवल्याने दिसणे कमी होते, ही गोष्ट विजेरी घेताना बहुधा लक्षात घेतली जात नाही.

झोताची रचना

वेष्टनावर ठळक छापलेला ल्युमेनचा आकडा दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचा असतो. तो प्रकाश किती एकवटलेला आहे हे त्यावरून कळत नाही. विशिष्ट दिशेतील तीव्रता कँडेला या एककात मोजतात. 1000 ल्युमेन प्रकाश 10 अंशांच्या शंकूत समान पसरला तर तीव्रता सुमारे 42,000 कँडेला होते; तोच 100 अंशांत पसरला तर जेमतेम 450 कँडेला उरते. दोन्ही विजेऱ्यांवर आकडा मात्र एकच छापलेला असतो.

अरुंद झोत खोल परावर्तक वाटीने किंवा भिंगाने मिळवतात. त्याच्या मध्यभागी तीव्र ठिपका असतो आणि भोवती फिकट कडे. गढूळ पाण्यासाठी हे कडे जितके क्षीण तितके चांगले, कारण डोळ्यांसमोरचे पाणी उजळवण्याचे काम तेच करते. अरुंद झोत सहकाऱ्याला संकेत देण्यासही उपयोगी पडतो: तळावर काढलेले सावकाश वर्तुळ म्हणजे ‘ठीक आहे’, आणि झोत वेगाने आडवा हलवणे म्हणजे ‘लक्ष द्या’ किंवा संकट. पसरट झोतात हे संकेत उमटत नाहीत. 100 ते 120 अंशांचे पसरट दिवे मुख्यतः चित्रीकरणासाठी असतात आणि त्यांचा उपयोग स्वच्छ पाण्यापुरताच असतो.

हवेत मोजलेला कोन पाण्यात तसाच राहत नाही. सपाट काचेतून बाहेर पडताना अपवर्तनामुळे किरण आत वळतात, कारण पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 1.33 आहे. हवेत 120 अंशांचा झोत पाण्यात साधारण 81 अंशांचा होतो, तर 20 अंशांचा 15 अंशांचा. चित्रीकरणाच्या दिव्यांना घुमटाकार काच बसवतात ती हा संकोच टाळण्यासाठी.

दिवा धरण्याची जागाही महत्त्वाची आहे. प्रकाशाचा उगम डोळ्यांच्या जितका जवळ तितका परतणारा प्रकाश अधिक. म्हणून गढूळ पाण्यात कपाळावर बांधलेला दिवा हातातल्या दिव्यापेक्षा वाईट ठरतो. हात बाजूला लांबवून तिरपा टाकलेला झोत अधिक दाखवतो.

विद्युतघट

एलईडी दिवा एका वॅटमागे साधारण 100 ल्युमेन देतो असे धरल्यास 1000 ल्युमेनसाठी 10 वॅट लागतात. 18650 या प्रकारचा (18 मिमी व्यासाचा, 65 मिमी लांबीचा) चांगला लिथियम-आयन घट सुमारे 12 वॅट-तास ऊर्जा साठवतो, म्हणजे एक तासाच्या आसपास प्रकाश. मोठा 21700 घट सुमारे 18 वॅट-तास, म्हणजे दीड तासाहून थोडा अधिक. एकाच चार्जिंगवर दोन बुड्या मारायच्या असतील तर हा हिशेब आधीच करावा लागतो. घट जुना होत गेला की त्याची क्षमता घटते, हेही त्यात धरावे लागते.

दुकानात सहज मिळणारे अल्कलाइन सेल घड्याळासारख्या मंद खर्चासाठी उत्तम असतात. त्यांचा अंतर्गत रोध जास्त असल्याने एक अँपिअरसारख्या मोठ्या प्रवाहावर त्यांतून छापील क्षमतेच्या निम्मीही ऊर्जा हाती लागत नाही. निकेल-मेटल हायड्राइड घटांचे व्होल्टेज कमी (1.2 व्होल्ट) असले तरी मोठा प्रवाह ते सहज देतात आणि शेकडो वेळा पुन्हा चार्ज होतात.

लिथियम-आयन घट 1991 मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणले. वजनाच्या मानाने सर्वाधिक ऊर्जा त्यांत असते, म्हणून आजच्या बहुतेक मुख्य विजेऱ्या त्यांवरच चालतात. त्यांचा एक स्वभाव मात्र पाण्याखाली धोक्याचा आहे. विजेरीतील नियंत्रक परिपथ प्रकाश शेवटपर्यंत एकसारखा ठेवतो आणि घट रिकामा होताच संरक्षक परिपथ तो तोडतो. परिणामी पूर्ण उजेडातून एकदम पूर्ण अंधार. अल्कलाइन सेलचा दिवा हळूहळू मंदावत सूचना देतो. त्यामुळे राखीव विजेरीसाठी अनेक पाणबुडे साधे सेलच पसंत करतात, आणि ती निवड योग्य आहे. गुहेतील डायव्हिंगमध्ये प्रत्येकाजवळ किमान तीन दिवे असावेत असा दंडक आहे: एक मुख्य, दोन राखीव.

एकाच विजेरीत जुने-नवे सेल मिसळल्यास कमकुवत सेल उलट्या दिशेने भारित होऊन वायू सोडू शकतो. बंद कवचात हायड्रोजन साचल्यास ठिणगीने स्फोट होण्याची शक्यता असते. म्हणून काही विजेऱ्यांत हायड्रोजन निष्प्रभ करणारी उत्प्रेरक गोळी किंवा दाब सोडणारी झडप असते. आत पाणी शिरलेली विजेरी उघडताना तिचे तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे धरू नये.

कवच आणि खटका

पाण्यात दर 10 मीटरला दाब सुमारे एक वातावरणाने वाढतो. 40 मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या पाचपट असतो. पाणी अडवण्याचे काम ओ-रिंग करते. त्यावर वाळूचा कण किंवा केस राहिला तरी गळती होते. कवचाला भोक न पाडता चालणारा चुंबकीय खटका म्हणूनच लोकप्रिय आहे. पाणी हेच दिव्याला थंड ठेवण्याचे साधन असल्याने शक्तिशाली विजेरी हवेत जास्त वेळ पेटती ठेवता येत नाही.

उजनी जलाशयातील वापर

भीमा नदीवर माढा तालुक्यात 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा जलाशय (यशवंतसागर) सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांत पसरला आहे. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांमार्गे येथे येते आणि त्यातील पोषकद्रव्यांवर शैवाल वाढते. त्यात गाळ, तळाशी बुडालेली जुनी वस्ती आणि मासेमारीची जाळी यांची भर पडते.

21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांदरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने तेथे शोधकार्य केले. अशा पाण्यात हातभर अंतरापलीकडे दिसत नसल्यास कोणतीही विजेरी शोध घेत नाही. शोध दोरीच्या आधाराने, ठराविक पट्ट्यांत, हाताने चाचपत घ्यावा लागतो आणि वरच्या सहकाऱ्याशी दोरीच्या हिसक्यांनी बोलावे लागते. विजेरीचे काम तेव्हा दाबमापक वाचणे, अंगात अडकलेले जाळे डोळ्यांजवळ आणून कापणे आणि वर आल्यावर बोटीला आपली जागा दाखवणे एवढेच उरते. त्यासाठी प्रखरतेपेक्षा कमी प्रकाशाची पायरी, हातमोज्यातूनही फिरणारा खटका आणि मनगटाला बांधण्याची दोरी अधिक मोलाची असते.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते. उन्हात उभ्या गाडीत पूर्ण चार्ज केलेले लिथियम-आयन घट ठेवल्यास त्यांचे आयुष्य झपाट्याने कमी होते. दीर्घकाळ ठेवायचे असल्यास ते सुमारे अर्धे चार्ज करून थंड जागी ठेवतात. नेमके आणीबाणीसाठी सज्ज असलेल्या पथकाला हे परवडत नाही. त्याला घट भरलेले ठेवावे लागतात आणि लवकर बदलावेही लागतात.

सिंधुदुर्ग किनारा

मालवण-तारकर्ली परिसरात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे. येथील पर्यटकांच्या बहुतेक बुड्या दिवसा व उथळ पाण्यात होत असल्याने विजेरी अनिवार्य नसते. खडकांच्या कपारी पाहण्यासाठी आणि प्रवाळ व माशांचे रंग दिसण्यासाठी ती नेतात. मध्यम रुंदीचा झोत येथे पुरतो. प्रत्येक बुडीनंतर विजेरी गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढावे लागते. विमानाने येणाऱ्यांना सुटे लिथियम-आयन घट सामानात टाकता येत नाहीत. ते टोके झाकून हातातील पिशवीत न्यावे लागतात, आणि 100 वॅट-तासांपेक्षा मोठ्या घटासाठी विमान कंपनीची परवानगी लागते.