खालापूरचा वाल आणि पचनाचा खर्च
पाताळगंगेच्या खोऱ्यातील खालापूरची आणि शेजारच्या कर्जतची शेती मुख्यतः भाताची असली, तरी भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर घेतला जाणारा वाल हा येथील आहाराचा दुसरा आधार होता. भिजवून, मोड आणून, सोललेल्या वालाचे बिरडे, सुकी मासळी आणि थंडीत शेतातच होणारी पोपटी, म्हणजे भांबुर्ड्याचा पाला, ओवा व मीठ घालून, पाण्याचा थेंबही न टाकता मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, यांतून कष्टकऱ्याला प्रथिने मिळत. तेल मात्र हात राखूनच वापरले जाई.

पण अन्न पचवण्यासाठीही शरीराला ऊर्जा खर्चावी लागते. जेवणानंतर माणसाचा प्राणवायूचा वापर वाढतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याने अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखवले होते. ही वाढ प्रथिनांमुळे सर्वाधिक होते, हे माक्स रुबनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1902 च्या ग्रंथात मांडले. पचन, शोषण व साठवण यांवर होणाऱ्या या खर्चाला अन्नाचा औष्णिक परिणाम म्हणतात. प्रथिनांतील ऊर्जेपैकी 20 ते 30 टक्के, तर स्निग्ध पदार्थांतील जेमतेम 0 ते 3 टक्के ऊर्जा त्यात जाते. अमिनो आम्लांतील जादा नायट्रोजन यकृतात युरियाच्या रूपात वेगळा करावा लागतो, शिवाय नवी प्रथिने घडवण्यासाठीही ऊर्जा लागते. आहारातील चरबी मात्र फारसा बदल न होता साठवली जाते. 100 ग्रॅम सुक्या वालात सुमारे 25 ग्रॅम प्रथिने, म्हणजे 100 किलोकॅलरी असतात. त्यांतील 20 ते 30 पचनातच जातात, पण तेवढीच ऊर्जा देणाऱ्या 11 ग्रॅम तेलातील तीनहून अधिक सहसा जात नाहीत.

लावणी-कापणीत राबणाऱ्या अर्धपोटी कुटुंबाच्या दृष्टीने पचनात खर्च होणारी ही ऊर्जा तोट्याचीच होती, जरी शरीराची झीज भरून काढणाऱ्या प्रथिनांना पर्याय नव्हता. 1960 मध्ये हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिच्या कारखान्याभोवती याच खोऱ्यात रसायनी ही औद्योगिक वसाहत वसली आणि नांगराऐवजी पाळीवर पोट भरणारा वर्ग वाढला. पुढे बैठी कामे वाढली, तसा जुना तोटा वजन घटवू पाहणाऱ्यांना लाभ वाटू लागला. हा लाभ खरा असला, तरी तो फुगवूनच सांगितला जातो: मिश्र आहारात पचनाचा सारा खर्च दिवसभराच्या ऊर्जेच्या सुमारे 10 टक्केच भरतो.