गोल्डस्मिड, हेन्री एडवर्ड
(१८१२–१८५५). मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी आणि जमीन-मोजणी व सारा-आकारणीच्या ‘मुंबई पद्धती’चा एक जनक. शिक्षण हेलीबरीच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात. १८३२ मध्ये तो मुंबईस आला.

त्याचे नाव जोडले गेले ते पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याशी. भीमा आणि नीरा या नद्यांमधला हा टापू पर्जन्यछायेतला, हुकमी पाऊस नसलेला. १८३० च्या सुमारास आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा धरून आकारणी केली होती. मोजणीतील चुका, कनिष्ठ नोकरांची लाचखोरी आणि धान्याचे पडलेले भाव यांमुळे ती कोसळली. वसुलीपायी रयतेचा छळ झाला, कुटुंबे गाव सोडून गेली, रानेच्या राने पडीक राहिली. १८३५ मध्ये फेरआकारणीचे काम गोल्डस्मिडकडे आले. लष्करी इंजिनिअर जॉर्ज विंगेट हा त्याचा मुख्य सहकारी.

या दोघांनी उत्पन्नाचा अंदाज बाजूला ठेवला आणि माती पाहिली. साधारण एका बैलजोडीने वाहता येईल एवढ्या रानाचा एक ‘नंबर’ करून त्याच्या हद्दी कायम करण्यात आल्या. प्रतबंदीसाठी, म्हणजे जमिनीचा दर्जा ठरवण्यासाठी, नंबराचे चौकोन पाडत आणि प्रत्येक चौकोनातील मातीची खोली हातांत मोजत. पावणेदोन हात खोल, एकजिनसी काळी जमीन म्हणजे सोळा आणे, अव्वल प्रत. खोली कमी होईल तशी प्रत उतरे. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे, वाहत्या पाण्याने धुपणे हे दोष नकाशावर खुणांनी दाखवीत आणि त्यांपायी प्रत खाली आणीत. प्रतबंदीचे हे कोष्टक मराठी मुलखातील महसुली दप्तराचा मोलाचा वारसा होय.

सारा उतरवून तो ३० वर्षांसाठी कायम केला गेला. सुगीच्या वर्षात उरलेले कोरड्या वर्षात उपयोगी पडावे, हा त्यामागील हिशेब. पडीक जमीन पुन्हा वहितीखाली येऊ लागली. गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत इलाखाभर प्रमाण ठरली. १८६५ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला.

पुढे महसूल खात्याचा सचिव, नंतर मुख्य सचिव. मृत्यू कैरो येथे.

तीस वर्षांची मुदत संपल्यावर झालेल्या फेरआकारणीत सारा बराच वाढला. १२ मे १८७५ रोजी सुपे (तेव्हा भीमथडी, आज बारामती तालुका) येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला. वाढीव सारा, कापसाचे उतरलेले भाव आणि सावकारी कर्ज यांपैकी कशाला किती दोष द्यावा, याविषयी मतभेद आहेत. पीक बुडाले तरी रोख हप्ता चुकत नसे, ही या पद्धतीतील उणीव मात्र १८७६–७७ च्या दुष्काळात उघडी पडली. पुढे बारामती-इंदापूरच्या रानांत ऊस उभा करणाऱ्या नीरा कालव्याचे काम त्याच दुष्काळात मदतकाम म्हणून सुरू झाले.