पुरजळचे वकील, हैदराबादच्या बेगम आणि आमची आजी



स्मरणिकेसाठी सुधारणेच्या इतिहासावर काही लिहावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. पण गेल्या हळदीकुंकवाला आपल्यातल्याच एका सूनबाईने विचारले होते, "फुले काय, कर्वे काय, सगळे पुण्याकडचे. आपल्याकडे कोणीच नव्हते का हो, काकू?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही, ते आज देते.

होते. आपल्याच जिल्ह्यातल्या पुरजळ गावी १८६७ साली केशवराव कोरटकर जन्मले. तेव्हा हा मुलूख निजामाचा. केशवरावांनी आधी गुलबर्ग्यास व मग हैदराबादेस वकिली केली आणि पुढे ते तेथील हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. सुलतान बाजारच्या आर्यसमाजाचे ते पुढारी होते. राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी मुलांनी शिकावे कोठे? म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुलबर्ग्यास नूतन विद्यालय आणि हैदराबादेस विवेकवर्धिनी या शाळा उभारल्या.

याच विवेकवर्धिनीत नोव्हेंबर १९२१ मध्ये निजाम राज्याची सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते अण्णासाहेब कर्वे. १८९३ साली स्वतः विधवेशी लग्न केलेले आणि १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढलेले, तेच हे कर्वे. त्या परिषदेत एक तेलुगू वकील आपल्या भाषेत बोलावयास उभे राहिले, तेव्हा सभेतील मराठी मंडळींनी हुर्यो करून त्यांना बोलू दिले नाही. तेलुगू मंडळी रागावून उठली व त्यांनी आपली निराळी संस्था काढली. जमली होती सुधारणा करावयास, आणि शेजाऱ्याची भाषा काही सोसली नाही! ही गोष्ट झाकून ठेवावी असे मला वाटत नाही.

त्याच शहरात मुसलमान भगिनींतही जागृती होत होती. सुघ्रा हुमायून मिर्झा या बेगम १८८४ साली जन्मलेल्या. त्यांनी 'अन्-निसा', म्हणजे 'स्त्रिया', या नावाचे उर्दू मासिक चालविले, पडदा सोडला, आणि १९३४ साली मुलींसाठी शाळा काढली. तिला वडिलांच्या नावावरून 'सफदरिया' नाव दिले. बाईने मासिक चालवावे, त्यात बायांनीच बायांसाठी लिहावे, याचे मोल मला मोठे वाटते. केशवरावांच्या सभेत बोलणारे बहुतेक पुरुषच असत.

आता कायद्याचे सांगते. १९२९ साली इंग्रज सरकारने बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. हरविलास सारडांनी आणला म्हणून तो सारडा कायदा. आपल्याकडे त्याला शारदा कायदाही म्हणत. आधी तो फक्त हिंदूंसाठी योजला होता, पुढे सर्व धर्मांना लावला. मुलगी चौदा वर्षांची व मुलगा अठरा वर्षांचा असल्याखेरीज लग्न लावू नये, असे त्यात होते. सनातनी शास्त्री आणि मौलवी, दोघेही त्याच्यावर तुटून पडले. पुष्कळ मुसलमान स्त्रियांनी मात्र त्याला जाहीर पाठिंबा दिला. अंमल १ एप्रिल १९३० पासून व्हायचा होता. तेवढ्या अवधीत लोकांनी कडेवरच्या पोरांची देखील लग्ने उरकून घेतली. त्यानंतरही कित्येक जण संस्थानांच्या हद्दीत जाऊन लग्ने लावीत, कारण तेथे हा कायदा लागू नव्हता.

आपली हद्द संस्थानाचीच. पैनगंगेपलीकडचे वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चापोटी निजामाने ते त्यांच्या हवाली केले होते, आणि त्या फौजेची एक छावणी आपल्या हिंगोलीतच होती. फौज आली, पण इंग्रजांचा कायदा काही नदी ओलांडून आला नाही.

माझ्या आजीचे लग्न झाले तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि कायदा होऊन सात-आठ वर्षे लोटली होती. मांडवात तिला झोप लागली, म्हणून मामाने उचलून बोहल्यावर उभी केली. मोमीन गल्लीतली तिची सई तिच्याच वयाची. तिचा निकाह त्याच उन्हाळ्यात झाला. दोघींनी सागरगोटे निम्मे निम्मे वाटून घेतले आणि आपापल्या सासरी गेल्या. पुरजळ तेथून फार दूर नव्हते. पण केशवराव हैदराबादेस गेले ते गेलेच, आणि बेगमसाहेबांचे मासिक मोमीन गल्लीत कोणी पाहिले नव्हते. आपल्याकडे सुधारक जन्मले, पण सुधारणा शहरात राहिली, असे मी म्हणते. कोणास पटो वा न पटो.

माझ्या वेळी कायदा होता, शाळाही होती. पण हायस्कूल दुसऱ्या गावी, वाटेत ओढा. म्हणून सातवीनंतर मला घरी बसविले. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून मुलीचे हात लवकर पिवळे करण्याची घाई आजही दिसते. "मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, बाई?" असे आई विचारते, तेव्हा नुसता कायदा सांगून भागत नाही.

म्हातारपणी आजी आणि तिची सई पुन्हा एकाच गावात आल्या. सईला कुराण वाचता येत असे. मुलीने वाचावे, लिहू नये, असा तिच्या माहेरचा दंडक होता. आजीला वाचताही येत नव्हते. निराधारांच्या पगाराच्या दिवशी दोघी एका रांगेत बसत आणि शाईची डबी आधी आजीकडे येई, मग सईकडे.