खर्व कोणाचा धरावयाचा?

मंडळी, गणित हा आमचा विषय नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तरी संख्यांच्या नावांविषयी चार शब्द बोलावयाचे ठरविले, त्याला आमची एक जुनी फजिती कारण आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या बोनसची बोलणी चालली होती. कंपनीचा छापील इंग्रजी अहवाल आम्ही रात्र रात्र जागून वाचला. नफ्याच्या रकान्यात ३८ चा आकडा होता आणि वर बारीक अक्षरात 'मिलियन' असे लिहिले होते. आम्ही तो लाख समजलो आणि मागणीपत्रात ३८ लाख नफा लिहून मोकळे झालो. समोरच्या मंडळींनी आमचा आकडा वाचला, मान डोलावली आणि चहा मागविला. करारावर सह्या झाल्यावर हिशेबखात्यातल्या एका पोराने सांगितले, "काका, मिलियन म्हणजे धा लाख. नफा तीन कोटी ऐंशी लाखांचा हाय." त्या दिवसापासून मोठ्या संख्यांची नावे आम्ही पाठ करू लागलो.

आकड्यांचा आणि कामकऱ्यांचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात ह्याचे लेख आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून दिले : एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे १०००, पाऊण टक्क्याने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेण्यातल्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे आहेत. हिशेब तंतोतंत जुळतो. आम्हांला कौतुक वाटते ते हे की राजाच्या जावयाने पैसा ठेवला तो विणकरांच्या संघटनेकडे. (आमच्या पतपेढीला अजून असा जावई भेटलेला नाही.)

त्याच लेखात ७०,००० कार्षापणांच्या दानाचीही नोंद आहे. ३५ कार्षापणांचे एक सुवर्ण, ह्या भावाने त्याचे २००० सुवर्ण होतात, असे तेथेच सांगितले आहे. पण हे ७०,००० लिहिले आहेत कसे? तेथे शून्य नाही. हजाराची एक खूण, तिला सत्तराची खूण जोडलेली. जुन्नरजवळच्या नाणेघाटात, सातवाहन राणी नागनिकेच्या लेखातही तीच रीत आहे. यज्ञातल्या दक्षिणेचा २४,४०० हा आकडा तेथे असाच खुणांनी मांडला आहे. अशा रीतीत लक्ष-कोटी लिहावयाचे तर खुणांना खुणा जोडीत बसावे लागणार.

लिहिण्याची ही अडचण असताना तोंडी नावे मात्र कितीतरी पुढे गेली होती. यजुर्वेदात एकापासून परार्धापर्यंत तेरा नावे येतात, प्रत्येक मागच्याच्या दसपट. तो परार्ध म्हणजे एकावर बारा शून्ये. पुढे स्थानमूल्य आणि शून्य आले, तेव्हा ही नावे आकड्यांच्या घरांना चिकटली. इ.स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'लीलावती'त अठरा घरे सांगितली : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. येथे परार्ध सतरा शून्यांवर गेला. नाव तेच, किंमत लाखपट! ही नावे पूर्वजांनी व्यवहारासाठी केली, असे आचार्य स्वतःच सांगतात. देवाने दिली, असे ते म्हणत नाहीत.

माणसांनी केलेली म्हणूनच ती जागोजाग निराळी. भास्कराचार्यांच्या आधी तीनशे वर्षे, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्य ह्या जैन गणितज्ञाने चोवीस घरे मोजली आणि शेवटच्याला महाक्षोभ म्हटले. त्याचा खर्व एक लाख कोटींचा आहे, भास्कराचार्यांचा अवघ्या हजार कोटींचा. हिंदी भाषिकांचा खरब दहा हजार कोटींचा. तिघांनी एकमेकांना खर्वात कर्ज दिले तर काय भांडण होईल, ते श्रोत्यांनीच ठरवावे.

साहेबाची गतही वेगळी नाही. ब्रिटनमध्ये 'बिलियन' म्हणजे दहा लाखांच्या दहा लाखपट, अमेरिकेत मात्र शंभर कोटी. १९७४ साली ब्रिटिश सरकारने अमेरिकेचा अर्थ पत्करला आणि सरकारी कागदांतला बिलियन हजारपटीने आटला.

आपल्याकडे बाजारात जी नावे फिरली ती टिकली. सहस्राची जागा फारसी हजाराने घेतली. अयुत गेले, आपण दहा हजार म्हणतो. प्रयुत गेले, ते तर नेमके दहा लाख, म्हणजेच मिलियन. ते नाव आमच्या तोंडी असते तर कदाचित त्या रात्री आम्ही थबकलो असतो. खर्व-निखर्व पोथीत राहिले, आणि केंद्राचा २०२३-२४ चा अर्थसंकल्प सुमारे ४५ लाख कोटींचा म्हणून छापून आला. भास्कराचार्यांच्या मोजणीने ते ४५ महापद्म. 'लाख कोटी' बोलण्यात आमच्या मते एक सोय आहे : ऐकणाऱ्याला दोन्ही शब्द ठाऊक असतात.

आचार्यांची ही विद्या जगली कशावर, तेही सांगितले पाहिजे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी उजेडात आणला. आचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघण ह्याच्या पदरचा ज्योतिषी, ह्याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ काढला. त्याच्या खर्चाची तजवीज लेखाच्या मराठी भागात आहे. तीत बाजारात येणाऱ्या मालावरचा हिस्सा आहे, आणि जितके घाणे चालतील तितक्यांकडून घाण्यामागे एक पळी तेल. परार्धापर्यंत मोजणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दिव्यात हे तेल तेल्याच्या घाण्यावरून पळीपळीने येत होते.

आमच्या युनियनच्या मागणीपत्रात हल्ली प्रत्येक रक्कम सगळ्या शून्यांसकट आकड्यांत येते, खाली अक्षरी येते, आणि 'मिलियन' दिसला की कंसात 'दहा लाख' असे लिहून त्यावर दोन्ही बाजूंची सही घेतली जाते.