गुरचरण आणि वरकस

आमच्या कल्याण तालुक्यात गायरान कोणी बोलत नाही, गुरचरण बोलतात. गुरचरण गावाची, चराई फुकट. वरकस म्हणजे भातखाचरांच्या जोडीला ज्याच्या त्याच्या खात्यावरचा चढाचा माळ. त्यातून राबाला पालापाचोळा नि गुरांना गवत. शहरातल्या माणसाला दोन्ही पडीक वाटतात.

पडीक कसली? पावसात वरकस राखायचे, गुरं गुरचरणीवर नाहीतर डोंगराला. भात निघालं, गवत कापलं, की माळ आणि रिकामी खाचरं अख्ख्या गावाच्या गुरांना मोकळी. चार महिने विसावा मिळाल्यामुळं गवताचं बी पडायचं, मुळं धरायची. कुसळी फुलोऱ्यात कापली तर गुरं आवडीनं खातात. बी धरलं की काडी होते, कुसळं हिरड्यांत रुततात. गुराख्याच्या पोरालाही हे ठाऊक. पण नेमकं तेव्हाच भात कापणीला येतं, आणि माणूस आधी पोटाला बघणार.

1854 ला रेल्वे कल्याणपर्यंत आली. मुंबईतल्या घोड्यांना नि तबेल्यांना चारा लागे, ठाणे जिल्ह्याचं गवत तिकडं जाऊ लागलं. माळ गुरांचा होता तो व्यापाऱ्याचाही झाला. त्यात 1878 चा जंगल कायदा. राब आणि चराईवरून एवढी ओरड झाली की सरकारला 1885 मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. पुढं 1945 साली, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या डहाणू-उंबरगावकडं, वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकरांबरोबर संप केला. मागणी काय, तर 500 रतल गवत कापायला अडीच रुपये! गवताला मोल होतं, कापणाऱ्याला नव्हतं.

नंतर डोंबिवलीला एमआयडीसी आली, 1983 ला महापालिका. वरकस बिगरशेती झाले. उरलीसुरली गुरं बारमाही एकाच तुकड्यावर, विसावा संपला. अशा जागी आधी मारवेल जातं, मग हरळीही खुरटते आणि टाकळा माजतो. त्याला गुरं तोंड लावत नाहीत.

2011 साली सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. त्याच वर्षी 12 जुलैला राज्य सरकारचा गुरचरणीबाबत निर्णय निघाला. आमच्याकडं सातबाऱ्यावर गुरचरण अजून आहे. जागेवर चाळी आहेत. माझ्या दोन म्हशींसाठी गवत मुरबाडहून टेम्पोनं येतं, बहुतेकदा काडी झालेलं. पहिल्या पावसात टाकळ्याची जुडी मात्र कल्याणच्या बाजारात हातोहात खपते.