रस्त्यावरची दुर्बीण

एप्रिल १६१० मध्ये गॅलिलिओ आपली दुर्बीण घेऊन बोलोन्याला गेला. तिथल्या विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या मॅजिनीच्या घरी रात्री विद्वान मंडळी जमली होती. गुरूभोवती फिरणारे चंद्र त्यांना दाखवायचे होते. गॅलिलिओच्या स्वतःच्या वहीत त्या रात्रींच्या चंद्रांची नोंद आहे, पण पाहुण्यांची काही खात्री पटली नाही. मॅजिनीकडे राहणाऱ्या मार्टिन होर्की नावाच्या तरुणाने पुढे गॅलिलिओच्या विरोधात एक पुस्तिकाच छापली.

पुस्तकांतून हा प्रसंग विद्वानांच्या हट्टाचा म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. त्या दुर्बिणीतून एका वेळी आख्खा चंद्रसुद्धा मावत नसे, एवढा आकाशाचा तुकडा लहान. नळीला धक्का लागला की गुरू गायब. ज्याने जन्मात कधी नळीतून पाहिलेलं नाही, त्याने काळोखात डोळा कुठे ठेवायचा? स्वतः पाहणं आणि दुसऱ्याला दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं जास्त अवघड आहे.

माझं वर्कशॉप फर्निचरचं. वॉर्डरोब, किचन ट्रॉल्या, शाळांची बाकं. त्याच प्लायवूडमधून गेली कित्येक वर्षं मी आकाशनिरीक्षण मंडळांसाठी दुर्बिणींचे स्टँड करत आलो आहे, आणि कार्यक्रमाच्या रात्री रांगेपाशी उभा राहतो. म्हणून माझं मत सुताराचं आहे: आकाश पाहण्याचा इतिहास भिंगांचा आणि आरशांचा असेल, पण आकाश दाखवण्याचा इतिहास स्टँडचा आहे.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर दुर्बीण लावून पेनीला एक नजर विकणारे लोक होते. हेन्री मेह्यूने लंडनच्या गरीब कष्टकऱ्यांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात अशा एकाची मुलाखत आहे. तो दिवसा शिंपीकाम करायचा. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. हातावर पोट असलेला कारागीर रात्री रस्त्यात उभा राहून परक्या माणसाला ग्रह दाखवतो, म्हणजे आजचा आमचा कार्यक्रमच. फरक एवढाच की त्याला पैसे घ्यावे लागत.

पैसे न घेता, आणि जो थांबेल त्याला दाखवायचं, ही रीत रुजवण्याचं मोठं श्रेय जॉन डॉब्सनचं. आणि त्याची वाट मठातून गेली, तीही आपल्या रामकृष्ण संप्रदायाच्या. डॉब्सनचा जन्म १९१५ चा, बीजिंगमधला. बर्कलेला रसायनशास्त्र शिकला आणि १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात साधू म्हणून दाखल झाला. वेदान्त आणि आधुनिक खगोलशास्त्र यांची सांगड घालण्याचं काम त्याच्याकडे होतं. विश्वाबद्दल बोलायचं तर ते डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, असं त्याला वाटू लागलं. जवळ पैसा नव्हता. जहाजाच्या गोल खिडकीची जुनी जाड काच त्याने मिळवली, ती घासून बारा इंची आरसा केला, आणि चंद्र पाहिल्यावर त्याच्या मनात आलं की हे सगळ्यांनी पाहायलाच हवं.

मग तो दुर्बीण ढकलत मठाबाहेर न्यायचा आणि आजूबाजूची मंडळी गोळा व्हायची. मठाच्या शिस्तीत हे बसत नव्हतं. म्हणून दुर्बिणी करणाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत त्याने सांकेतिक भाषा ठरवली. दुर्बीण म्हणजे जिरेनियमचं रोप. नळीत आणि स्टँडमध्ये बसलेली दुर्बीण म्हणजे कुंडीतलं जिरेनियम. आरशावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढला की जिरेनियमला फूल आलं! १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बिणी लावणाऱ्यांची संघटना उभी राहिली.

आता स्टँडकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. तोवर चांगल्या हौशी दुर्बिणीला लोखंडी स्टँड असे, त्याचा एक आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागे. जड, महाग, आणि मोठा आरसा पेलायचा तर आणखी जड. डॉब्सनने नळी घेतली ती काँक्रीटचे खांब ओतायला वापरतात त्या पुठ्ठ्याची, आणि ती लाकडी पेटीत ठेवली. पेटी एका उघड्या खोक्यात वर-खाली झुलते आणि खोक्यासकट गोल फिरते. तोफेचा गाडा जसा, तसंच. तोफा शतकानुशतकं अशाच गाड्यांवर होत्या, मग यात माझं काय, असं म्हणून त्याने पेटंटही घेतलं नाही. सहा इंची आरशापेक्षा बारा इंची आरसा चौपट प्रकाश गोळा करतो, आणि तो आता कोणाही सुताराच्या आवाक्यात आला.

या खोक्याचा जीव तळाशी असतो. खालच्या पाटावर टेफ्लॉनचे तीन तुकडे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. त्यांच्यावर फिरणाऱ्या पाटाला खालून सनमायका. सनमायका गुळगुळीत चालत नाही, खरबरीत हवा. नवीन पोरं चुकून बेअरिंग बसवायला निघतात, कारण मऊ फिरलं म्हणजे चांगलं अशी समजूत. पण मऊ फिरणारी दुर्बीण वाऱ्याने हलते, रांगेतल्या पोराच्या कोपराने फिरते. टेफ्लॉन आणि खरबरीत सनमायका यांचा गुण असा की जागचं हलवायला जेवढा जोर लागतो, साधारण तेवढाच हलत ठेवायला लागतो. त्यामुळे झटका बसत नाही. एका बोटाने ढकलली की जाते, बोट काढलं की तिथेच थांबते. पृथ्वी फिरत असल्यामुळे शंभर पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत शनी दोनेक मिनिटांत या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकून जातो. मोटर नसलेल्या दुर्बिणीत दर दोन-तीन माणसांमागे तो परत मध्ये आणावा लागतो. ते एका बोटाने झालं तरच रांग चालते.

आपल्याकडची हकीकत वेगळ्या वळणाची. देशातली सर्वात मोठी दुर्बीण एके काळी पुण्यात होती. कावसजी नायगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, १८८८ मध्ये वेधशाळा उभी केली. डब्लिनच्या ग्रबची वीस इंची दुर्बीण. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. बत्तीस वर्षांनी, २२ ऑगस्ट १९४४ रोजी, पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. डॉब्सन मठात गेला तेच हे वर्ष. सरकारी दुर्बीण गेली, तिथे हौशी माणसांची आली. टिळक स्मारक मंदिरातली परिसंस्थेची जागा मी दुर्बिणीसाठीच ओळखतो. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा राज्यात आणखी मंडळं निघाली. मुंबईचं खगोल मंडळ त्याच लाटेतलं.

रांगेपाशी उभं राहून मला बोलोन्याची ती रात्र अजून समजते. "आजी, डोळा काचेला टेकवू नका, जरा मागे धरा. दुसरा मिटला नाही तरी चालेल." आधी "काहीच नाही रे बाळा, नुसता काळोख" असं उत्तर येतं. पाठीमागची माणसं चुळबुळतात. तिथे घाई करायची नाही. डोळा जागेवर बसला की आजींचा चेहरा सांगतो, विचारावं लागत नाही. गुरूचे चंद्र दिसले का हे तपासायला मी एकच प्रश्न विचारतो: किती, आणि कुठल्या बाजूला किती? उत्तर बरोबर आलं की पुढचा माणूस.

ग्रहणांच्या, उल्कावर्षावांच्या नोंदी आमच्या मंडळांनी जपून ठेवल्या आहेत. दुर्बीण कशावर उभी होती, ते कोणी केलं, याची नोंद माझ्या तरी पाहण्यात नाही. ऐंशीच्या दशकातले लाकडी स्टँड कोणाच्या माळ्यावर, गच्चीवर, शाळेच्या प्रयोगशाळेत अजून पडून असतील. वाळवी लागलेला असला तरी चालेल. भंगारात देण्याआधी त्याची लांबी-रुंदी-उंची, लाकूड कुठलं आणि फिरण्याच्या जागी काय लावलं आहे, एवढं लिहून मला कळवा. ज्याने केला त्याचं नाव माहीत असेल तर तेही.