रिकिदोझान: जपानचा हिरो आणि त्याचं लपवलेलं गाव

पीएचडीचा विषय सांगितला की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण ती टीव्हीवरची कुस्ती खोटीच असते ना?" माझ्या विषयाचं नाव तसं भारदस्त आहे, 'युद्धोत्तर जपानमधला खेळ आणि राष्ट्रवाद'. पण त्यातली बरीच पानं एका व्यावसायिक पैलवानाने व्यापलेली असल्यामुळे प्रश्न रास्तच आहे. उत्तरही सोपं आहे. हो, व्यावसायिक कुस्तीत निकाल साधारणपणे आधी ठरलेला असतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम इथे संपत नाही, सुरू होतं. निकाल ठरवलेला होता, तर तो तसाच का ठरवला? कोण जिंकलेलं लोकांना बघायचं होतं? आज हे रिकिदोझानच्या निमित्ताने सांगतो.

सुमोचा शेंडीवाला मल्ल

रिकिदोझान हे त्याचं आखाड्यातलं नाव. जन्माचं नाव किम सिन-राक. जन्म साधारण 1924 चा, आज उत्तर कोरियात असलेल्या हामग्याँग भागातला. कोरिया 1910 पासून जपानच्या ताब्यात होता, म्हणजे हा मुलगा जपानी साम्राज्याचा प्रजाजन म्हणूनच जन्मला. अंगात ताकद होती, म्हणून त्याला सुमोसाठी जपानला आणलं गेलं. 1940 मध्ये तो पहिल्यांदा सुमोच्या रिंगणात उतरला आणि चढत चढत 'सेकिवाके' या पदापर्यंत पोचला. सुमोच्या उतरंडीत वरून तिसरी पायरी!

1950 मध्ये त्याने अचानक सुमो सोडलं आणि मल्लाची ओळख असलेली शेंडी स्वतःच कापून टाकली. कारणं वेगवेगळी सांगितली जातात: आजारपण, उस्तादाशी पैशांवरून खटके, कोरियन म्हणून होणारा दुजाभाव. यातलं एकच खरं मानायची गरज नाही. माणसं सहसा एकाच कारणासाठी घर सोडत नाहीत.

काही काळ त्याने एका बांधकाम कंपनीत काम केलं. 1951 मध्ये अमेरिकन मल्लांचा एक जथा जपानमध्ये आला. त्या ऑक्टोबरमध्ये रिकिदोझान बॉबी ब्रन्सविरुद्ध दहा मिनिटं लढला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. मग तो हवाईला जाऊन हा धंदा नीट शिकला, आणि 1953 मध्ये परत येऊन त्याने जपानमध्ये व्यावसायिक कुस्तीची संघटना उभी केली.

रस्त्यावरचा टीव्ही

आता जरा त्या काळाकडे बघू. अमेरिकेचा लष्करी ताबा संपला एप्रिल 1952 मध्ये. एनएचकेचं टीव्ही प्रक्षेपण सुरू झालं फेब्रुवारी 1953 मध्ये, आणि तेव्हा नोंदलेले ग्राहक होते फक्त 866. टीव्हीचा संच सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर होता. त्याच वर्षी सुरू झालेल्या निप्पॉन टेलिव्हिजन या खाजगी वाहिनीने यावर उपाय काढला. स्टेशनांबाहेर, चौकांत मोठे टीव्ही लावून दिले. लोकांनी फुकट बघावं, आणि गर्दी दाखवून जाहिरातदारांकडून पैसे मिळवावेत.

19 फेब्रुवारी 1954 ला टोकियोच्या कुरामाए सुमोगृहात रिकिदोझान आणि ज्युदोचा दिग्गज किमुरा मासाहिको ही जोडी शार्प बंधूंविरुद्ध उतरली. बेन आणि माइक शार्प म्हणजे अक्षरशः दोन ताडमाड गोरे. शिंबाशी स्टेशनबाहेरच्या टीव्हीसमोर हजारो लोक जमले. कथानक साधं होतं. गोरे नियम मोडतात, जपानी मल्ल सोसतो, सोसतो, आणि मग त्याचा संयम सुटतो. उघड्या हाताचे दणके, ज्यांना 'कराटे चॉप' नाव पडलं, गोऱ्याच्या छातीवर बसतात आणि गोरा मागे सरकतो. नऊ वर्षांपूर्वी हरलेल्या आणि नुकत्याच परक्या फौजेखालून सुटलेल्या लोकांना यात काय दिसलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

माझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा पुढच्या वाक्यावर उभा आहे. लोक ज्यांना अमेरिकन समजून बघत होते ते शार्प बंधू मूळचे कॅनडाचे होते, आणि जपानची इभ्रत राखणारा वीर कोरियन होता.

किमुराची गोष्ट

त्या जोडीतला किमुरा तर जपानीच होता, आणि साधासुधा नव्हे. 1951 मध्ये ब्राझीलला जाऊन त्याने हेलिओ ग्रेसीला हरवलं होतं. पण जोडीच्या कुस्तीत मार खायचं काम त्याच्याकडे आणि सोडवायचं काम रिकिदोझानकडे. किमुराला हे डाचत गेलं. वर्षाअखेरीस त्याने वर्तमानपत्रातून आव्हान दिलं: खरी लढत झाली तर मीच जिंकेन.

22 डिसेंबर 1954 ला दोघे समोरासमोर आले. सामन्याच्या मध्येच रिकिदोझानने खरेखुरे तडाखे द्यायला सुरुवात केली आणि किमुरा रक्तबंबाळ होऊन कोसळला. बरोबरी ठरली होती आणि आपल्याला दगा दिला गेला, असं किमुरा पुढे आयुष्यभर सांगत राहिला. "खोटीच असते ना?" विचारणाऱ्यांना मी हा सामना सांगतो. लुटुपुटीच्या लढाईत एकाने शब्द मोडला की दुसऱ्याची कारकीर्द संपू शकते.

आपल्या ओळखीचा किंगकाँग

इथे आपल्याकडच्या वाचकांसाठी एक धागा. दारासिंगच्या कुस्त्यांच्या आठवणी घरात कुणी सांगत असेल, तर 'किंगकाँग' हे नाव कानावर आलं असेल. हा अवाढव्य मल्ल म्हणजे हंगेरियन वंशाचा एमिल झाया. नोव्हेंबर 1955 मध्ये टोकियोत त्यालाच हरवून रिकिदोझानने आशियाई अजिंक्यपद घेतलं. त्याच दौऱ्यात किंगकाँग आणि भारताचा टायगर जोगिंदर सिंग यांनी जोडीचं आशियाई अजिंक्यपद मिळवलं. आशियाभर फिरणाऱ्या या मल्लांचं एक अख्खं जग होतं, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

ऑक्टोबर 1957 मध्ये जगज्जेता लू थेझ जपानला आला. 60 मिनिटांची लढत बरोबरीत सुटली आणि टीव्हीवरचा प्रेक्षकवाटा 87 टक्के नोंदवला गेला. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये थेझला हरवून रिकिदोझानने 'इंटरनॅशनल' किताब घेतला. मे 1963 मध्ये मुखवटाधारी 'द डिस्ट्रॉयर'शी त्याची लढत 64 टक्के प्रेक्षकांनी पाहिली. एव्हाना लोक रस्त्यावर नाही, घरात बसून बघत होते.

गुपित

कागदोपत्री तो मोमोता मित्सुहिरो होता, जन्मगाव नागासाकी प्रांतातलं ओमुरा. लपवण्यामागे फक्त धंदा नव्हता. 1952 मध्ये ताबा संपला तसं जपानमधल्या कोरियनांचं जपानी नागरिकत्व सरकारने एका फटक्यात काढून घेतलं. कालचे प्रजाजन आज परके झाले. नोकरी, घरभाडं, लग्न, सगळीकडे अडचण. अशा वेळी 'जपानी' राहण्याचा कागद ही चैन नव्हती.

तरी जानेवारी 1963 मध्ये तो दक्षिण कोरियाला जाऊन आला. तेव्हा दोन्ही देशांत राजनैतिक संबंधही नव्हते, ते जुळले 1965 मध्ये. कोरियातून चोरून आलेल्या किम इलला त्याने शिष्य केलं. तोच पुढे ओकी किंतारो म्हणून गाजला. बाबा आणि इनोकी हे त्याचे दुसरे दोन शिष्य. या दोघांनी 1960 मध्ये एकाच दिवशी पदार्पण केलं आणि 1972 मध्ये आपापल्या संघटना काढल्या.

8 डिसेंबर 1963 च्या रात्री टोकियोच्या आकासाका भागातल्या एका नाइटक्लबात याकुझा टोळीतल्या एका तरुणाशी त्याची बाचाबाची झाली आणि पोटात चाकू बसला. शस्त्रक्रिया झाली, पण आठवड्याभरात, 15 डिसेंबरला तो गेला. वय अवघं 39.

तो कोरियन होता हे कोरियन वस्तीत अनेकांना ठाऊक होतं. सर्वसामान्य जपानी वाचकांपुढे ते उघडपणे यायला मात्र त्याच्या मृत्यूनंतर बरीच वर्षं लागली. आज उत्तर कोरिया त्याला आपला वीर म्हणतो. 1995 मध्ये इनोकीने प्योंगयांगमध्ये कुस्त्यांचा मोठा कार्यक्रम केला, तोही गुरूच्या जन्मभूमीचं नाव घेऊनच.

तर मूळ प्रश्नाकडे परत. कुस्तीचा निकाल ठरवलेला होता, पण शिंबाशीच्या गर्दीचा जल्लोष खरा होता. त्याच गर्दीत कोरियन माणसंही उभी असणार, त्यांतली काही हे गुपित माहीत असलेली. त्यांनी नेमकं कोणासाठी टाळ्या वाजवल्या? प्रबंधाच्या पुढच्या प्रकरणात मी हेच शोधतोय. त्या पिढीच्या मुलाखती आणि आठवणी वाचतोय, हाताला लागेल तसं सांगेनच.